टाकलं कोणी कोणाला?

१८६६चा एकविसावा कायदा नावानं लांबलचक आणि वाचायला रुक्ष आहे: 'नेटिव्ह कन्व्हर्ट्‌स मॅरेज डिसोल्यूशन ॲक्ट'. ख्रिस्ती झालेल्या देशी माणसाला त्याच्या ख्रिस्ती न झालेल्या जोडीदारापासून फारकत कशी मिळेल, एवढंच त्यात सांगितलं आहे. चौथं आणि पाचवं कलम या कायद्याचा कणा आहे. नवरा ख्रिस्ती झाला आणि त्या कारणानं बायको सलग सहा महिने त्याला सोडून राहिली, तर नवरा तिच्यावर सहवासासाठी दावा लावू शकतो. बायको ख्रिस्ती झाली आणि नवऱ्यानं तिला टाकलं, तर तीही दावा लावू शकते. स्त्री-पुरुषांना सारखाच हक्क दिलेला दिसतो, आणि त्या काळाच्या मानानं ही गोष्ट लहान नाही.

पण कलम पुन्हा वाचलं की एक गोष्ट टोचते. धर्म बदलतो नवरा. घर सुटतं ते त्याचं. बहुतेक वेळा जातवाले आणि घरचेच त्याला बाहेर काढतात. बायको असते तिथेच, सासरी किंवा माहेरी. तरी कायद्याच्या भाषेत 'सोडून गेलेली' ठरते ती. शिवाय दावा लावायचा अधिकार फक्त धर्म बदलणाऱ्याला. मागे राहिलेल्या माणसाला स्वतःहून या कायद्याचं दार ठोठावता येत नाही. कोणीतरी समन्स पाठवलं, तरच त्याचं नाव कागदावर येतं.

ही उलटी मांडणी इंग्रज कायदेपंडितांना कलकत्त्यात अचानक सुचलेली नव्हती. तिचा धागा अठराशे वर्षं मागे, करिंथ नावाच्या ग्रीक बंदरात जातो.

प्रेषित पौलानं करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पहिलं पत्र लिहिलं ते इफिसहून, साधारण इसवी सन ५३ ते ५५च्या सुमारास. त्यातला सातवा अध्याय हे एका पत्राचं उत्तर आहे. करिंथकरांनी त्याला आधी लिहून विचारलं होतं, आणि तो त्यांच्या मुद्द्यांना एकेक करून उत्तर देतो. मूळ प्रश्नांचं पत्र मात्र टिकलेलं नाही. त्यामुळे लग्न, शरीर आणि ब्रह्मचर्य यांविषयी ख्रिस्ती परंपरेनं सर्वाधिक आधार घेतलेला हा मजकूर म्हणजे संवादाची एकच बाजू आहे. हे विसरून तो वाचला की पौल उगाचच सगळ्या मानवजातीसाठी नियम घालून देतोय असं वाटू लागतं. तो मात्र काही घाबरलेल्या, काही अतिउत्साही नवख्रिस्ती लोकांना उत्तर देत होता. त्यांतल्या काहींचं म्हणणं असं दिसतं की ख्रिस्ती झाल्यावर पुरुषानं स्त्रीला स्पर्शच करू नये.

पौल त्यांना तसं सांगत नाही. उलट, नवऱ्यानं बायकोचं देणं द्यावं आणि बायकोनं नवऱ्याचं, असं तो म्हणतो. बायकोच्या शरीरावर तिची सत्ता नसून नवऱ्याची आहे, एवढ्यावर तो थांबला असता तर त्यात नवल काहीच नव्हतं. तेव्हाचं रोमन जग तेच मानत होतं. पण लगेच पुढे तो म्हणतो की नवऱ्याच्या शरीरावरही नवऱ्याची सत्ता नाही, ती बायकोची आहे. पहिल्या शतकात हे बोलणं धाडसाचं होतं. एकमेकांपासून दूर राहायचं तर दोघांच्या संमतीनं, थोडे दिवस, प्रार्थनेसाठी, अशी अटही तो घालतो. याच्या आधीच्या, सहाव्या अध्यायात त्यानं शरीराला पवित्र आत्म्याचं मंदिर म्हटलेलं आहे. शरीर हे नुसतं टरफल, आत्माच काय तो खरा, ही ग्रीकांना रुचणारी कल्पना तो मान्य करत नाही. एकंदर बायबलच्या मनात शरीराबद्दल तुच्छता नाही. उत्पत्तीत नवरा-बायको एकदेह होतात, आणि गीतरत्नासारखं उघड शृंगाराचं काव्य त्याच ग्रंथात बसलेलं आहे.

मग येतो मिश्र जोडप्यांचा प्रश्न. इथे पौल आपण होऊन दोन आवाज वेगळे करतो. नवरा-बायकोनं एकमेकांना सोडू नये, ही प्रभूची आज्ञा; पण पुढचं सांगतोय तो मी, प्रभू नव्हे. इतका प्रामाणिक लेखक धर्मग्रंथात क्वचित सापडतो. आणि सांगतो काय, तर विश्वास न ठेवणारी बायको नवऱ्यापाशी राहायला राजी असेल तर त्यानं तिला सोडू नये. बायको ख्रिस्ती आणि नवरा नसेल, तरी हेच. पण विश्वास न ठेवणारा निघून जात असेल तर जाऊ द्यावं. अशा वेळी बंधू किंवा भगिनी बांधलेली नाही, देवानं शांतीसाठी बोलावलं आहे.

बांधलेली नाही म्हणजे नेमकं काय? वेगळं राहायला मोकळी, की दुसरं लग्न करायला मोकळी? पौलानं ते लिहिलं नाही, आणि पुढची हजार वर्षं चर्चचे पंडित त्यावर भांडत राहिले. चौथ्या शतकातल्या एका अनामिक लॅटिन भाष्यकारानं (पुढे त्याला अँब्रोसियास्टर म्हणू लागले) दुसऱ्या लग्नाची मुभा आहे असा अर्थ लावला. ऑगस्टीननं तो मानला नाही. अखेर ११९९ साली तिसऱ्या इनोसंट पोपनं निर्णय दिला: न विश्वासणारा जोडीदार निघून गेला, किंवा देवाची निंदा केल्याशिवाय एकत्र राहायलाच तयार नसेल, तर बाप्तिस्मा झालेल्याला दुसरं लग्न करता येईल. पण त्याआधी त्या जोडीदाराला रीतसर विचारलं पाहिजे. तू बाप्तिस्मा घेशील का? नसशील, तर देवाचा अवमान न करता शांतपणे माझ्यासोबत नांदशील का? हे दोन प्रश्न लक्षात ठेवावेत. सहाशेपेक्षा जास्त वर्षांनी ते वेगळ्या वेषात कलकत्त्याच्या कायद्यात दिसतात.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आणि स्पॅनिश साम्राज्यांसोबत हा प्रश्न समुद्र ओलांडून गेला. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्याला दोन-तीन बायका असतील तर कोणती ठेवायची? १५३७ साली तिसऱ्या पॉल पोपनं आणि १५७१ साली पाचव्या पायसनं यावर फर्मानं काढली. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेनं बहुपत्नीकत्वाला हात घातला. पण तिथे धर्म आणि राज्यसत्ता एकाच हातात होत्या, त्यामुळे न्यायालयाचा वेगळा प्रश्न उभा राहिला नाही.

मुंबई इलाख्यात तो उभा राहिला. इथे मिशनरी आपापल्या देशांचे आणि आपापल्या पंथांचे होते. स्कॉटिश मिशनऱ्यांची वेस्टमिन्स्टर श्रद्धाकबुली १६४७ची. व्यभिचार आणि कोणत्याही उपायानं न सुधारणारा, जाणूनबुजून केलेला त्याग, ही दोन कारणं तिथे लग्न मोडायला पुरेशी. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचं धोरण कडक. १८५७पर्यंत इंग्लंडात साधा घटस्फोट मिळवायला पार्लमेंटचा वेगळा कायदा लागायचा. म्हणजे एकाच मुंबईत एकाच परिस्थितीतल्या दोन तरुणांना दोन मिशनऱ्यांकडून दोन उत्तरं मिळू शकत होती.

त्यात १८६२ साली भारतीय दंडसंहिता अंमलात आली. कलम ४९४: जोडीदार हयात असताना पुन्हा लग्न केलं आणि ते लग्न त्यामुळे रद्दबातल ठरत असेल, तर सात वर्षांपर्यंत कैद. हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला आडकाठी नव्हती, त्याचं दुसरं लग्न रद्द ठरत नव्हतं. पण तोच पुरुष ख्रिस्ती झाला की त्याच्यावर एकपत्नीत्वाचा नियम लागू. मागे राहिलेली बायको यायला तयार नाही आणि दुसरी करायला गेला तर तुरुंग. बाई ख्रिस्ती झाली तर तिची कोंडी याहून घट्ट, कारण हिंदू असतानाही तिला दुसरा नवरा करता येत नव्हता.

व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा-सदस्य होते सर हेन्री मेन, 'एन्शंट लॉ'चे लेखक. १८६४मध्ये त्यांनी विधेयक मांडलं आणि दोन वर्षांनी ते संमत झालं. मेन यांचं त्यावरचं भाषण छापील उपलब्ध आहे. हा धर्मप्रसाराचा कायदा नाही, धर्म बदलल्यानं माणसाचा नागरी हक्क जाऊ नये यासाठीचा आहे, हे पटवण्याचा खटाटोप त्यात दिसतो. एका अर्थी ते खरंही होतं. १८५०च्या जाती-अपात्रता निवारण कायद्यानं वारसाहक्क वाचवला होता, हा त्याच्याच पुढचा टप्पा.

इथे मला नेहमी एक गंमत वाटते. १८५५ साली ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहासाठी पराशरस्मृतीतला जो श्लोक पुढे केला, त्यात स्त्रीला दुसरा पती करण्याची पाच कारणं आहेत. नाहीसा झालेला, मेलेला, संन्यासी झालेला, नपुंसक, आणि पाचवं कारण 'पतित' पती. विधवाविवाहावर भांडणाऱ्यांचा सगळा भर दुसऱ्या कारणावर राहिला. पाचवं कारण धर्मांतरित नवऱ्याला लावायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल-नसेल, पण मागे राहिलेल्या बायकोला तिच्याच शास्त्रातून वाट काढता आली असती. १८६६चा कायदा त्या वाटेनं गेला नाही. तो पौलाच्या वाटेनं गेला.

आणि कसा गेला ते तपशिलात पाहण्यासारखं आहे. दाव्याला पात्र होण्यासाठी नवऱ्यानं सोळा आणि बायकोनं तेरा वर्षं पुरी केलेली हवीत. वर्षं-महिने इंग्रजी पंचांगानं. मुसलमान आणि ज्यू यांना कायदा लागू नाही. सुनावणीला प्रतिवादीला न्यायाधीश विचारणार: तू याच्याबरोबर नांदायला नकार देतेस का? देत असशील तर कशासाठी? पडद्यातली किंवा कोर्टात न येणारी स्त्री असेल तर तिचा जबाब घ्यायला कमिशनर नेमायचे. नकार आला की निकाल लगेच नाही. दावा एक वर्ष तहकूब. दरम्यान न्यायाधीश ठरवील त्या जागी, ठरवील तितका वेळ, तो निवडील त्या माणसांच्या देखत (त्या बायकाही असू शकतात) दोघांची भेट घडवायची. नकार तिच्या स्वतःच्या मनाचा आहे की घरच्यांनी वदवून घेतलेला, हे समजावं म्हणून. वर्ष झाल्यावर पुन्हा तोच प्रश्न. तरीही नकार असेल, तर लग्न मोडलं; मग दोघंही पुन्हा लग्नाला मोकळे, आणि झालेल्या मुलांचं औरसपण कायम.

तेराव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे ते दोन प्रश्न इथे स्पष्ट ओळखू येतात. फक्त विचारणारा पाद्री जाऊन दिवाणी न्यायाधीश आला, आणि पौलानं जिथे जाऊ द्यावं म्हटलं होतं तिथे एक वर्षाची चौकशी बसली. कायदा करणाऱ्यांना या नात्याची कल्पना होती हे त्यांच्याच एका कलमावरून कळतं. रोमन कॅथलिक झालेल्यांची त्यांच्या चर्चच्या नियमांप्रमाणे लागलेली लग्नं या कायद्यानं बेकायदा ठरणार नाहीत, असं त्यात वेगळं नमूद आहे. कॅथलिकांकडे स्वतःची व्यवस्था आधीपासून होती. कायदा प्रॉटेस्टंटांसाठी हवा होता.

भेटीची ती तरतूद मला सगळ्यात बोलकी वाटते. अठरा-वीस वर्षांची मुलगी, तिला परक्या घरात आणलेलं, समोर कोट-टोपी घालू लागलेला नवरा, बाजूला कोर्टानं नेमलेल्या दोन बायका. हेतू चांगला होता. तिच्यावर दबाव नको, हे पाहायचं होतं. पण तिच्यासमोर ठेवलेला प्रश्न एकच होता: याच्याशी शरीरसंबंधाचं सहजीवन करणार की नाही?

या बायका कागदांवर कुठे भेटतात? बहुतेक नवऱ्यांच्या लिखाणात. बेळगावचे बाबा पदमनजी हे मराठीतलं ठळक उदाहरण. जन्म १८३१, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे लग्न लहानपणीच, १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा. पत्नी त्यांच्याबरोबर आली नाही. तीन वर्षांनी, १८५७ला, त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं. हिंदू विधवांचे हाल सांगणारी ती मराठीतल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांपैकी एक. आत्मचरित्र 'अरुणोदय' १८८८चं. त्यात धर्मशोधाचा प्रवास बारकाईनं आहे, आणि त्या प्रवासात मागे राहिलेली बायकोही आहे, पण तिचं म्हणणं आपल्यापर्यंत येतं ते नवऱ्याच्या लेखणीतून. 'यमुनापर्यटन'च्या लेखकाला परक्या विधवांच्या मनात शिरता आलं, हे मान्य करूनही ही उणीव राहतेच.

पौलाच्या 'देण्या'ची दुसरी शाखा याच काळात मुंबई हायकोर्टात फळली. एकमेकांच्या शरीरावरची ती परस्पर सत्ता मध्ययुगीन चर्चनं दाम्पत्यऋण म्हणून कायद्यात बसवली होती. इंग्लंडच्या चर्च-कोर्टांत त्यातून दावा तयार झाला: निघून गेलेल्या जोडीदारानं परत यावं. आधी न मानणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा, १८१३पासून सहा महिन्यांपर्यंत कैद. १८५६ साली मुंबईच्या अर्देशीर कर्सेटजी विरुद्ध पिरोजबाई या पारशी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की सुप्रीम कोर्टाच्या धर्मशाखेला पारशांमध्ये असा दावा चालवायचा अधिकार नाही, कारण ती सारी ख्रिस्ती लग्नकल्पना आहे. पण दिवाणी कोर्टांत तो दावा शिरलाच. १८६६च्या कायद्यातला सहवासाचा दावा हा त्याचाच सख्खा भाऊ.

आणि मग रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न, नवऱ्याच्या घरी कधी न नांदलेली. त्या नवऱ्यानं, दादाजी भिकाजींनी, १८८४ला दावा लावला. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो इंग्रजी धर्मन्यायालयांतून आला आहे, आणि जी कधी नांदलीच नाही तिला परत पाठवणं म्हणजे क्रौर्य, असं त्यांचं म्हणणं. अपिलात १८८६ला निकाल उलटला आणि मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. गंमत म्हणा की दुर्दैव, इंग्लंडनं ही कैद १८८४लाच रद्द केली होती. ख्रिस्ती देशानं सोडून दिलेला नियम हिंदू बाईला हिंदू समाजातले पुढारी धर्मरक्षणाच्या नावानं लावू पाहत होते; टिळकांचा 'केसरी' दादाजीच्या बाजूनं होता. १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. भारतात ही कैद १९२३ला गेली. दावा मात्र १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आजही आहे. १९८३मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टानं सरिता खटल्यात तो स्त्रीच्या शरीरावरच्या हक्काविरुद्ध ठरवला, आणि १९८४मध्ये सुप्रीम कोर्टानं सरोज राणी खटल्यात तो पुन्हा टिकवला. पौलाच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, नवऱ्याच्या शरीरावर बायकोची सत्ता, या प्रवासात कुठे गळला ते शोधायला फार कागद चाळावे लागत नाहीत.

मागे राहिलेल्या बायकोनं स्वतः लिहिलेला एक मोठा दस्तऐवज मात्र आपल्याकडे आहे, आणि तो मराठीत आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', १९३४ ते १९३६च्या दरम्यान चार भागांत प्रसिद्ध झालेली. पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा मुंबईत, अमेरिकन मिशनमध्ये, १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. लक्ष्मीबाईंना ते नंतर कळलं. पुढची चारेक वर्षं त्या नातेवाइकांकडे, मुलगा दत्तूसह. टिळक नगरला, मिशनच्या कामात. १८६६च्या कायद्याप्रमाणे १८९५च्या पावसाळ्यानंतर टिळकांना कधीही दावा लावता आला असता. सहा महिने भरले होते. त्यांनी लावला नाही. पौलाच्या पत्रातला बाराव्या ओवीचा भाग, राजी असेल तर सोडू नये, हाच त्यांना पुरला असं दिसतं. राजी होईपर्यंत वाट पाहायची हे त्यात लिहिलेलं नाही, ते त्यांनी आपलं घातलं.

'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं ते हे की लक्ष्मीबाईंचा अडसर नवऱ्याच्या शेजेचा कधीच नव्हता. देवाबद्दलचाही फारसा नव्हता. अडसर होता चुलीचा आणि पाण्याचा. त्या नगरला आल्या, ख्रिस्ती वस्तीत राहिल्या, तरी सोवळं, स्वयंपाक, पाणी आपलं वेगळं ठेवलं. आणि त्यांचं मन वळलं ते पाद्र्याच्या प्रवचनानं नाही. जाती देवानं केल्या की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि उत्तर शरीरातच शोधलं: पशुपक्ष्यांच्या जातींत दिसतो तसा फरक देवानं माणसांच्या देहांत ठेवलेला नाही, जन्म-मरण सगळ्यांचं सारखं. मग कुणाच्याही हातचं खायला-प्यायला हरकत काय? एकदा हे ठरल्यावर बाप्तिस्म्याला वेळ लागला नाही; तो झाला १९००मध्ये.

पौलाच्या शब्दांत सांगायचं तर त्या शरीराविषयीच बोलत होत्या, पण त्याला वाटला होता त्या बाजूनं नव्हे. करिंथच्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात जेवणाचा, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न येतो, लग्नाचा सातव्यात. पौलाच्या लेखी हे दोन वेगळे मुद्दे. नगरच्या ब्राह्मण बाईच्या घरात ते एकच होते. 

१८६६च्या कायद्यानं दोन वेळा, एका वर्षाच्या अंतरानं विचारायचा प्रश्न नांदण्याबद्दल होता, आणि त्याला उत्तर होय किंवा नाही असंच अपेक्षित होतं. नगरला आलेल्या लक्ष्मीबाईंना तो कोणी विचारला असता, तर नवऱ्याकडे राहते असं त्यांनी सांगितलं असतं, आणि त्याच्या घरचं पाणी पीत नाही असंही. प्रतिवादी नांदायला राजी आहे असं दिसताच दावा काढून टाकायची तरतूद कायद्यात होती. पाण्याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. १९६१मध्ये विधी आयोगानं आपल्या अठराव्या अहवालात या कायद्याचा फेरविचार केला, तेव्हा चर्चा होती ती कोणत्या धर्मात गेलेल्यांना हा हक्क द्यायचा यावर.